सासूबाईंचा तंबोरा

सप्तशृंगीच्या गडाखाली राहणाऱ्या घराला पाहुण्यांची वाण कधी पडत नाही. चैत्रातली यात्रा, आश्विनातले नवरात्र, ह्या दोन्ही वेळी आमच्या वणीच्या घराची ओसरी पिशव्यांनी आणि माजघर माणसांनी भरून जाते. ह्या पाहुण्यांनी आमच्या माजघरातल्या एका वस्तूचा मोठा उपयोग करून घेतला होता. कोपऱ्यात लाल खारव्याची गवसणी घालून उभा असलेला एक तंबोरा. त्याच्या खुंट्यांना कुणी टोपी अडकवी, कुणी पंचा, तर कुणी गडावरून आणलेल्या प्रसादाची पुडी. "हे आत काय आहे हो, वीणा का?" असे एखाद्याने विचारले तर मी म्हणायची, "आमच्या सासूबाईंचा तंबोरा." आणि विषय तिथेच संपे.

मी ह्या घरात आले १९७४ साली. तंबोरा माझ्याआधी तेवीस वर्षे आलेला. सासूबाईंचे माहेर नाशिकचे. लहानपणी पाच वर्षे त्या एका गुरुजींकडे गाणे शिकल्या होत्या, आणि १९५१ साली लग्न झाले तेव्हा वडिलांनी भांड्याकुंड्यांबरोबर हा तंबोराही लेकीच्या पाठोपाठ पाठवून दिला होता. पण मी त्यांना कधी गाताना ऐकले नाही. आरती म्हणताना आवाज लागे तेवढाच. "आई, तुम्ही गाणं का सोडलंत?" असे मी एकदा धीर करून विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "संसारात गाणं कुठलं गं बाई! पोळ्या लाटू की तारा लावू?" त्या इतक्या सहज हसल्या की, त्यांना त्याचे काही वाटत नसावे अशीच माझी समजूत झाली. त्या गेल्या त्यालाही आता वीस वर्षे होऊन गेली. समजूत मात्र तशीच राहिली होती.

गेल्या उन्हाळ्यात घराची डागडुजी काढली. सामान इकडचे तिकडे करताना तंबोरा पडला. गवसणी काढून पाहिले तो भोपळ्याला वीतभर तडा गेलेला, दोन तारा तुटलेल्या आणि घोडी, म्हणजे ज्या चौरंगासारख्या पट्टीवरून तारा जातात ती, निखळून बाजूला पडलेली. माझा मुलगा हिशेबी. तो म्हणाला, "आई, आता हा काही वाजायचा नाही. ह्याच्या भोपळ्यात एक दिवा बसवून देतो. बैठकीत छान दिसेल. मी एका हॉटेलात पाहिलाय तसा."

मला काय बोलावे सुचेना. पण माझी नात पुढे झाली. ती नाशिकला कॉलेजात शिकते आणि गिटार वाजवते. नुसती वाजवत नाही, तर गिटार कशी घडवतात ह्याचे तिला वेडच लागले आहे. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, माझ्या गिटारीतही एक दिवा बसवून द्या मग!" आणि तिने खाली बसून घोडी जागच्या जागी ठेवली, उरलेल्या दोन तारांपैकी एक ताणून छेडली. तार खरखरली. तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, गिटारीची तार अशी झणझणली तर ती बिघडली असं समजतात. ह्याची मुळातच अशी वाजते, की आता बिघडलीय?"

मला उत्तर माहीत नव्हते. चाळीसपन्नास वर्षे ज्या वस्तूवरची धूळ झटकली तिच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, ह्याची मला लाज वाटली. सासूबाई एवढे मात्र नेहमी म्हणत, "मिरजेचा आहे हो, साधासुधा नव्हे!" तेव्हा मी म्हटले, "चल, ज्यांनी घडवला त्यांनाच विचारू."

नाशिक आणि मिरज ही दोन गावे नकाशात लांब असली तरी गाण्याच्या इतिहासात ती एका माणसाने जोडली आहेत. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर हे मूळचे कुरुंदवाडचे. लहानपणी दिवाळीसारख्याच एका उत्सवात दारू उडून त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. पुढे उपचारासाठी ते मिरजेला आले आणि तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाणे सुरू झाले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. उत्तरायुष्यात ते नाशिकला पंचवटीत राहिले आणि १९३१ साली देह ठेवला तो मात्र मिरजेत. सासूबाईंचे गुरुजी ह्याच परंपरेतले. त्यामुळे शिष्येसाठी तंबोरा मिरजेहून मागवला गेला ह्यात नवल नव्हते.

आम्ही निघालो. वणीहून नाशिक, नाशिकहून पुणे एस. टी.ने आणि पुढे आगगाडीने. जुन्या गोधडीत गुंडाळलेला पाच फुटांचा तंबोरा पाहून कंडक्टर म्हणाला, "आजी, ह्याला अर्धं तिकीट पडेल बघा!" मग त्यानेच तो पुढे घेऊन आपल्या बाकाशेजारी टेकवून ठेवला आणि पुण्यापर्यंत त्याला हात लावून बसला.

आगगाडीत नातीने मला गिटार समजावून सांगितली. ती काही विसरू नये म्हणून मी पिशवीतल्या वहीत टिपूनही ठेवले. गिटारीचे अंग लाकडाच्या पातळ फळ्या ओल्या करून, तापवून आणि वाकवून करतात. तोंडावरची फळी स्प्रूस नावाच्या थंड मुलखातल्या झाडाची असते. वजनाला हलकी पण ताठ. जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास. आता गंमत अशी की, सहा पोलादी तारांचा ओढा मिळून सत्तर किलोंच्या घरात जातो, म्हणजे आमच्या जुन्या हिशेबाने जवळजवळ दोन मण. एवढा भार त्या पापडासारख्या फळीने सोसायचा आणि तरीही तिने मोकळेपणी थरथरायचे! फळी जाड केली तर आवाज मरतो, पातळ केली तर फळीच मोडते. म्हणून तिच्या आतल्या अंगाला बारीक पट्ट्या चिकटवतात. स्पेनमधल्या आंतोनिओ दे तोर्रेस ह्या कारागिराने त्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरल्या. जर्मनीतून १८३३ साली अमेरिकेत गेलेल्या मार्टिन नावाच्या कारागिराच्या कारखान्यात त्या फुलीसारख्या एकमेकींवरून नेल्या. जगातल्या बहुतेक गिटारी आजही ह्या दोन वाटांनीच जातात.

"आणि आजी, ह्या तोर्रेसने १८६२ साली काय केलं माहीत आहे? एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या केल्या! फक्त तोंडावरची फळी चांगल्या लाकडाची ठेवली. लोकांना दाखवायला, की आवाज सगळा ह्या फळीत आहे. ती गिटार अजून बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे."

"म्हणजे आमच्या भोपळ्याला काहीच किंमत नाही का गं?" मी विचारले.

"तेच तर विचारायला चाललोय ना!"

मिरजेत उतरलो. सतारमेकरांची गल्ली विचारावी लागली नाही. रिक्षावाल्याने गोधडीकडे पाहिले आणि रिक्षा सुरू केली. ही वस्ती मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी ह्यांना धार आणि पाणी देणारे लोक. पेशवाई गेली, लढाया संपल्या, हत्यारे खुंटीला लागली आणि ह्या कसबी हातांना काम उरले नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन ह्या दोघा शिकलगारांनी सतारी, तंबोरे दुरुस्त करता करता नवे घडवायला सुरुवात केली. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन. त्यांच्याकडे येणाऱ्या गवयांच्या वाद्यांमुळे ह्या कामाला आश्रय मिळाला. तलवारीला धार लावणारे हात तारेला धार लावू लागले, असेच म्हणायचे. पुढे किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले. त्यांना स्वतःलाच तंबोऱ्याची दुरुस्ती हातची येत होती. १९३७ साली ते गेले. त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात तिथे आजही गवई येऊन हजेरी लावतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या गावच्या वाद्याला आता मिरजेचे नाव लावता येणार नाही.

ज्या कारखान्यात आम्ही गेलो तो म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला भोपळ्यांची रास, छताला दांड्या टांगलेल्या, जमिनीवर भुशाचा गालिचा. एक वयस्क कारागीर गुडघ्यात दांडी धरून बसले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि मी काही सांगायच्या आधीच गोधडीची गाठ सोडली. "बसा आक्का. पाणी घ्या. लांबनं आलाय."

पाणी पिता पिता आम्ही तंबोऱ्याचा जन्म पाहिला. वाचकहो, तोही थोडक्यात सांगते.

पहिला मान भोपळ्याचा. हा भाजीचा भोपळा नव्हे. हा कडू भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठच्या रानांत होतो. कडू म्हणूनच त्याला कीड कमी लागते. वेलावरच पक्का होऊ द्यायचा आणि मग कित्येक महिने वाळवायचा. पुरुषी तंबोऱ्याला चार-साडेचार फूट घेराचा भोपळा लागतो, बायकांच्या तंबोऱ्याला त्याहून लहान. आणलेला भोपळा कापून पाण्यात भिजत घालतात, आतला गर खरवडून काढतात आणि आत काड्यांचे टेकू देऊन हवा तसा आकार धरेपर्यंत पुन्हा वाळवतात. त्याच्यावर लाकडाचा गळा, गळ्यात दांडी. लाकूड तुणीचे, लालसर आणि हलके. दांडी आतून पोकळ. मग भोपळ्याच्या तोंडावर त्याच लाकडाची किंचित फुगीर तबली बसते. सगळे सांधे सरसाने चिकटवायचे आणि दोरीने करकचून बांधून ठेवायचे. त्यावर पानांची नक्षी, लाखेचे पॉलिश, खुंट्या, तारा, मणी. सामान आधीच वाळून तयार असले तर महिनाभरात तंबोरा उभा राहतो. पण लाकूड आणि भोपळा वाळायला जो काळ जातो तो वेगळाच.

"भाऊ, ह्याला फेव्हिकॉल नाही का चालत?" मी विचारले.

ते हसले. "चालतंय की. पर सोडत न्हाई. सरस कसा, ऊब दिली की सोडतो. वाद्य पन्नास वर्षांनी पुन्हा उघडायचं असतं आक्का. जो सांधा उघडत न्हाई तो दुरुस्त पण होत न्हाई."

नात टाळी वाजवून म्हणाली, "गिटारीलाही चांगले कारागीर सरसच वापरतात, आजी!" त्यांनी तिच्याकडे जरा कौतुकाने पाहिले. मग तिने आपला तो प्रश्न काढला. तोर्रेस, पुठ्ठा, फळी, सगळे सांगून विचारले, "तुमचा आवाज भोपळ्यात असतो की तबलीत?"

कारागीर म्हणाले, "तबली बोलते, भोपळा घुमवतो. दोन्ही पाहिजेत. पर तंबोरा का गिटार, ते ह्या दोघांनी ठरत न्हाई. ते हितं ठरतं." आणि त्यांनी आमची निखळलेली घोडी उचलून तिच्या हातावर ठेवली.

गिटारीत तार ज्या पट्टीवर टेकते ती पट्टी धारेसारखी अरुंद असते. तार तिथे एका बिंदूवर संपते, म्हणून आवाज स्वच्छ येतो. झणझणला तर तो दोष. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद, दोन-अडीच बोटे, आणि तिची पाठ अगदी कळेल न कळेल इतकी उतरती. तार थरथरते तेव्हा ती ह्या उतारावर टेकते, उठते, पुन्हा टेकते. त्या नाजूक घासण्यातून एका स्वराच्या पोटातले बारीक बारीक वरचे स्वर उमलून येतात. हीच जवारी. तार आणि घोडी ह्यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात, तो पुढे-मागे करत गेले की एका जागी तार एकदम फुलते. त्या जागेची लांबी तांदळाच्या दाण्याएवढीही नसते.

ह्या गोष्टीने मोठमोठ्यांना कोड्यात टाकले आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी १९२१ साली कलकत्त्याहून तंबोरा आणि वीणा ह्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. नोबेल पारितोषिकाला तेव्हा अजून नऊ वर्षे होती. पाश्चात्त्य शास्त्राचा एक जुना नियम असा की, तार ज्या ठिकाणी छेडाल त्या ठिकाणी ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटायचे नाहीत. तार मधोमध छेडली तर निम्मे उपस्वर गप्प राहिले पाहिजेत. रामन ह्यांनी दाखवले की, तंबोऱ्यात ते खुशाल वाजतात, आणि त्याचे कारण ही रुंद, उतरती घोडी. ज्याला नातीचे गुरुजी बिघाड म्हणतात त्यासाठीच आमच्या लोकांनी घोडीचा उतार शोधून काढला होता!

कारागिरांनी चष्मा खाली केला आणि घोडी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग विचारले, "कोण वाजवतं हो हा?"

"कोणी नाही," मी म्हटले. "माझ्या सासूबाईंचा. लग्नानंतर त्यांनी गाणं सोडलं. सत्तर वर्षं झाली की."

त्यांनी मान हलवली. "न्हाई आक्का. ही घोडी सत्तर वर्षं उभी ऱ्हायलेली न्हाई. हे बघा." त्यांनी नखाने दाखवले. चार तारांखाली चार बारीक खाचा होत्या. "तार छेडून छेडून अशी खाच पडते. कोपऱ्यात उभा करून पडत न्हाई. आणि नुसतं तेवढंच न्हाई. ही निदान तीनचारदा घासून काढलीया. खाच पडली की जवारी जाते, मग घासून पुन्हा उतार काढावा लागतो. पर हे काम आमच्यातल्या माणसाचं न्हाई. बघा, कानशीचे ओरखडे एकाच बाजूनं गेल्यात. हात शिकलेला न्हाई." ते क्षणभर थांबले. "कान मात्र शिकलेला आहे. उतार बरोबर काढलाय. कोणी घरातल्या माणसानं केलंय."

मी काही बोलू शकले नाही. मला एकदम सासूबाईंचा शिवणाचा डबा आठवला. सुया, बटणे, रिळे, आणि तळाशी एक लहानशी, बोटाएवढी कानस. त्या गेल्यावर डबा माझ्याकडे आला. ती कानस पाहून मला नेहमी नवल वाटे. विळीला धार लावायची तर अंगणात दगड होता. मग बाईमाणसाच्या डब्यात कानस कशाला? पण विचारायला त्या उरल्या नव्हत्या.

आता हिशेब लागत होता. आमचे सासरे आणि दीर दुपारी दुकानात असत, मी शाळेत शिकवायला जात असे आणि मुले शाळेत शिकायला. दुपारी बारा ते पाच घरात सासूबाई एकट्या. शेजारणींना ठाऊक असावे. एकदोघी म्हणतही की, तुमच्या घरी दुपारचा रेडिओ छान लागतो. आणि मी म्हणायची, लागत असेल. आमचा रेडिओ तर तेव्हा कित्येक महिने बिघडून पडला होता! पोळ्या लाटून झाल्यावर तारा लावायला त्यांना वेळ मिळत होता तर. फक्त आम्हांला सांगायला मिळाला नव्हता. आणि आम्ही कोणी विचारले नव्हते; एकदा विचारले तेही अशा सुरात, की त्यांनी हसून उत्तर द्यावे.

कारागिरांनी पुढचे विचारले ते कामाचेच होते, पण मला ते जड गेले. "आक्का, आता सांगा. भोपळ्याचा तडा मी सांधतो, तबली उघडून आतनं चिकटवतो. त्यात काही न्हाई. पर घोडीचं काय करू? ही सांबरशिंगाची आहे. आता असलं शिंग मिळत न्हाई." खरेच आहे, वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा १९७२ चा कायदा आल्यावर हस्तिदंत आणि सांबरशिंग ह्यांचा धंदा सरला आणि उंटाचे हाड, लाकूड किंवा कृत्रिम पट्टी ह्यांवर काम आले. "नवी बसवली, तर ही तुम्ही आठवण म्हणून घरी ठेवा, देव्हाऱ्यात ठेवा. हीच ठेवायची, तर मला घासावी लागंल. मग त्यांच्या हातचे ओरखडे जातील. खाचा पण जातील. विचार करून सांगा."

त्यांनी घोडी माझ्या हातात दिली आणि चहा सांगायला उठले. नात माझ्याकडे पाहत होती. त्या एवढ्याशा शिंगाच्या तुकड्यावर माझ्या सासूबाईंच्या वीसपंचवीस वर्षांच्या दुपारी कोरलेल्या होत्या. दुसरा कसलाही पुरावा त्यांनी मागे ठेवला नव्हता. तो मी पुसून टाकू? मनात आले, जपून ठेवावी. रेशमी कापडात गुंडाळून ठेवावी. आणि लगेच दुसरे मन म्हणाले, अगं, तुझ्या मुलाने दिवा बसवायचे म्हटले तेव्हा तुला राग आला, आणि तू तरी वेगळे काय करते आहेस? तोही शोभेची वस्तू करायला निघाला होता आणि तूही.

खाच पडली तेव्हा सासूबाईंनी काय केले? ती जपून ठेवली नाही. हाताला जमत नव्हते तरी कानस घेऊन बसल्या आणि आपल्याच आधीच्या दुपारच्या खुणा पुसून पुढची दुपार वाजती केली.

चहा आला तेव्हा मी म्हटले, "भाऊ, हीच घासा."

त्यांनी काम हाती घेतले ते चार दिवस. तबलीच्या कडेने ऊब देत देत सरस सैल केला, तबली उचलली, भोपळ्याच्या आतल्या बाजूने तडा चिकटवला, पुन्हा बांधून वाळत ठेवला. चौथ्या दिवशी तारा चढल्या. पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या पोलादी, शेवटची खर्जाची पितळी. मग घोडी घासणे सुरू झाले. दोनदा कानस फिरवायची, घोडी तारांखाली बसवायची, छेडायची, मान हलवायची, पुन्हा काढायची. नातीने मोजले; सतरा वेळा. अठराव्या वेळी खर्जाची तार वाजली आणि खोलीतल्या पोरसवदा कारागिरांनीसुद्धा हात थांबवले. एका तारेतून जणू चारपाच माणसे एकदम, एकमेकांना न अडवता, गात होती. इतक्या वर्षांत आमच्या माजघरात हा आवाज कोंडून बसला होता आणि आम्ही त्यावर टोप्या अडकवीत होतो!

निघताना मी विचारले, "भाऊ, आता तंबोरे कोण घेतं? हल्ली डबीतला तंबोरा निघालाय, मोबाइलमध्येही वाजतो."

"डबी चांगली आहे की," ते शांतपणे म्हणाले. "प्रवासात, रियाजाला बरी पडते. डबी कधी बेसूर होत न्हाई. पर म्हणूनच ती कुणाचा कान तयार करत न्हाई. हा रोज उतरतो, रोज लावायला लागतो. लावता लावता माणूस सूर शिकतं." मग नातीकडे वळून म्हणाले, "पोरी, वर्षा-दोन वर्षांनी खाच पडंल. पडली तर बरं. तेव्हा घेऊन ये. मी असलो तर मी लावीन, नसलो तर हे पोरगं लावंल." आणि शेजारी भोपळा खरवडत बसलेल्या एका मुलाकडे त्यांनी बोट दाखवले. तो लाजून खाली पाहू लागला.

मला वाटते, मानांकनाच्या कागदापेक्षा त्या धंद्याचे भवितव्य ह्या एका वाक्यावर अवलंबून आहे. नवे तंबोरे विकले जातील न जातील. पण ज्यांच्या माळ्यावर, कोपऱ्यात, पलंगाखाली एखादे जुने वाद्य पडून आहे अशी घरे महाराष्ट्रात थोडी नाहीत. त्यांनी ते खाली काढले, तडा सांधून घेतला, जवारी लावून घेतली, तर त्या मुलाच्या हातातली कानस फिरती राहील. वाद्य जपायचे म्हणजे त्याला हात लावायचा नाही असे आपण समजतो. खरे तर त्याला रोज हात लावायचा, झिजू द्यायचे आणि झिजले की पुन्हा घासून घ्यायचे.

ह्या नवरात्रात पाहुणे आले तेव्हा माजघरातला कोपरा रिकामा होता. टोप्या अडकवायला मी भिंतीला चार खिळे मारून घेतले आहेत. तंबोरा असतो खिडकीपाशी. नात सुटीला आली की दुपारी तो घेऊन बसते; अजून तिला नीट लावता येत नाही, जोडीच्या तारा भांडतात, पण ती सूत पुढे-मागे सरकवत राहते. गिटारही तिने सोडलेली नाही, आणि सोडू नये असेच मी तिला सांगते. माझ्या मुलाने दिव्याचा विषय पुन्हा काढला नाही. परवा तर तो दुकानातून दुपारीच घरी आला. म्हणाला, "काही नाही, चष्मा विसरलो होतो." चष्मा त्याच्या खिशातच होता. तो ओसरीवर बसून राहिला. आत तार एकदम फुलली, तेव्हा म्हणाला, "आई, लहानपणी तापात पडलो होतो तेव्हा हा आवाज ऐकलाय मी. मला वाटायचं, तापात कानात वाजतंय."

सासूबाईंची कानस मी नातीच्या शिवणाच्या डब्यात ठेवली आहे.